‘मेट्रोपोलिस’ : यंत्राची मारिया आणि खरी मारिया

गेल्या आश्विनांत आमच्या घरीं एक प्रकार घडला. तो सांगितल्यावांचून या लेखाचें प्रयोजन वाचकांच्या ध्यानांत यावयाचें नाहीं, म्हणून प्रथम तोच सांगतों. दुपारचीं जेवणें आटोपून घरांतील मंडळी जरा आडवी झाली होती. आमच्या वहिनी तेवढ्या माजघरांत तांदूळ निवडीत बसल्या होत्या. इतक्यांत त्यांचा मोबाईल वाजला. पलीकडून त्यांच्या मुलाचा, म्हणजे नोकरीनिमित्त बंगळूरास राहणाऱ्या आमच्या पुतण्याचा, कापरा आवाज आला : “आई, माझ्या हातून अपघात झालाय. पोलिसांनीं बसवून ठेवलंय. कुणाला सांगूं नकोस. चाळीस हजार रुपये आत्तां पाठव.”

वहिनींचे हातपाय गळाले. पैसे पाठविण्याची सोय मोबाईलवरच असल्यामुळें त्यांचें बोट त्या खुणेवर गेलेंहि होतें. परंतु कानाला कांहीं तरी खटकलें. आमच्या घरीं मुलें आईला ‘वहिनी’ म्हणतात. आम्हां दिरांच्या तोंडचा शब्द ऐकून मुलांनींहि तोच उचलला. आमच्या वाचकांतहि अशीं घरें पुष्कळ असतील. आमच्या पुतण्यानें जन्मांत त्यांना ‘आई’ अशी हांक मारलेली नाहीं. वहिनींनीं एवढेंच विचारलें, “तूं मला काय म्हणतोस रे?” पलीकडे क्षणभर शांतता झाली, मग दरडावणीचे दोन शब्द आले आणि फोन बंद झाला. लगोलग पुतण्याच्या नेहमींच्या क्रमांकावर फोन केला, तेव्हां तो कचेरींत सुखरूप जेवत होता. त्यानें गणपतींत म्हटलेलें एक पद कोणीं तरी इंटरनेटवर ठेविलें होतें. बहुधा तेवढ्यावरून त्या भामट्यांनीं त्याचा आवाज यंत्राकडून वठविला असावा.

पैसे वांचले, पण वहिनींच्या मनांतून ती गोष्ट जाईना. “आवाज त्याचाच होता हो,” असें त्या पुनःपुन्हां म्हणत. पुढें दिवाळींत मुलगा घरीं आला आणि त्यानें नेहमींप्रमाणें पाठीमागून “वहिनी!” अशी हांक मारली, तेव्हां त्या दचकल्या. खोट्या आवाजानें खऱ्या आवाजांतला गोडवा थोडा हिरावून नेला होता. चाळीस हजार गेले असते त्याहून हें नुकसान आम्हांस मोठें वाटलें.

पुतण्या स्वतः संगणकाच्या धंद्यांतला. तो म्हणाला, “काका, ही गोष्ट जवळजवळ शंभर वर्षांपूर्वींच्या एका जर्मन चित्रपटांत आहे. आपण सर्वांनीं मिळून तो पाहूं.” त्याप्रमाणें भाऊबीजेच्या आदल्या दिवशीं आणि भाऊबीजेला, अशा दोन रात्रीं आम्हीं तो पाहिला. चित्रपट मूक असल्यानें भाषेची अडचण नव्हती. मधून मधून येणाऱ्या पाट्या मुलींनीं मराठी करून सांगितल्या. तीन पिढ्यांनीं एका सतरंजीवर बसून केलेला हा अभ्यास आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

चित्रपटाचें नांव ‘मेट्रोपोलिस’. दिग्दर्शक फ्रिट्झ लांग. कथा व पटकथा त्याची पत्नी थेआ फॉन हार्बू हिची. ‘ऊफा’ या कंपनीनें बर्लिनजवळच्या बाबेल्सबर्ग येथील चित्रशाळेंत १९२५ व १९२६ या सालीं तो तयार केला, आणि १० जानेवारी १९२७ रोजीं बर्लिन येथें त्याचा पहिला खेळ झाला. खर्च ५० लक्ष मार्कांच्या वर गेला व कंपनी अडचणींत आली. त्या वेळीं द्रव्याच्या दृष्टीनें पडलेला हाच चित्रपट २००१ सालीं युनेस्कोनें जगाच्या स्मृतिठेव्यांच्या यादींत घेतला. त्या यादींत आलेला तो पहिलाच चित्रपट होय.

कथा अशी. एक प्रचंड नगरी आहे. वर आकाशाला भिडलेले वाडे, बागा आणि क्रीडांगणें. खालीं भूगर्भांत यंत्रें, आणि त्यांच्याहि खालीं मजुरांची वस्ती. नगरीचा स्वामी योह फ्रेडरसेन उंच मनोऱ्यांत बसून सर्व कारभार हांकतो. त्याचा मुलगा फ्रेडर बागेंत खेळत असतां मारिया नांवाची एक तरुणी मजुरांच्या मुलांना घेऊन तेथें येते, आणि हे तुमचे बंधु आहेत असें त्यांना सांगते. तिला शोधीत तो खालीं उतरतो. तेथें एका यंत्राचा स्फोट होऊन माणसें होरपळतात. फ्रेडरला तें यंत्र नरबळी घेणाऱ्या मोलोक दैवताच्या जबड्यासारखें दिसूं लागतें. पुढें तो एका थकलेल्या मजुराला मोकळा करून स्वतः त्याच्या जागीं उभा राहतो. तें यंत्र म्हणजे एक भली मोठी तबकडी. दिवे लागतील तसतसे तिचे कांटे हातांनीं फिरवीत राहावयाचे. पाळी दहा तासांची. अखेर तो त्या कांट्यांवर क्रूसावर खिळल्यासारखा लोंबूं लागतो. आमच्या घरांतील मुलें येथवर कांहींशीं थट्टेंत होतीं, तीं या प्रसंगीं गप्प झालीं.

मारिया रात्रीं जुन्या भुयारांत मजुरांना धीर देते. योजणारें डोकें आणि राबणारे हात यांच्यामध्यें हृदयानें मध्यस्थी केली पाहिजे, तो मध्यस्थ येईल, तोंवर दंगा करूं नका, असा तिचा उपदेश. फ्रेडरसेन हें चोरून पाहतो. मजुरांचा तिच्यावर विश्वास आहे, हीच त्याला भीति. जवळच्याच एका जुनाट घरांत रोटवांग हा शास्त्रज्ञ राहतो. त्यानें धातूचा एक यंत्रमानव बनविला आहे. त्या खटपटींत त्याचा उजवा हात गेला आहे. फ्रेडरसेन त्याला आज्ञा करतो कीं, या यंत्राला मारियाचें रूप दे आणि मजुरांत सोड. म्हणजे त्यांचा तिच्यावरचा विश्वास उडेल.

येथें थोडें थांबून त्या यंत्राविषयीं सांगितलें पाहिजे. ‘रोबो’ हा शब्द या चित्रपटाच्या पूर्वींच, १९२० सालीं प्रसिद्ध झालेल्या कारेल चापेक या झेक लेखकाच्या नाटकांतून जगांत आला. तो शब्द चापेकला त्याच्या चित्रकार भावानें, योसेफनें, सुचविला. त्याच्या मुळाशीं ‘रोबोटा’ हा झेक शब्द असून त्याचा अर्थ आपल्याकडील वेठबिगारीच्या जवळचा आहे. लांगच्या चित्रपटांत मात्र ‘माशीनेनमेन्श’ असा जर्मन शब्द आहे, आणि आपला ‘यंत्रमानव’ त्याच्याशीं पदाला पद जुळतो. दोघांतील भेद ध्यानांत घेण्यासारखा आहे. चापेकचे रोबो राबण्यासाठीं केलेले आहेत. लांगच्या यंत्रमानवाकडून कोणी ओझें उचलून घेत नाहीं कीं चाक फिरवून घेत नाहीं. दुसऱ्याचें रूप घेऊन फसविणें हें एकच काम त्याला सांगितलें जातें. आज यंत्रांनीं माणसांचे चेहरे व आवाज उचलले आहेत, त्या काळांत हें पाहतांना अंगावर कांटा उभा राहतो.

तो यंत्रमानव वाल्टर शुल्त्से-मिटेंडॉर्फ या शिल्पकारानें घडविला. नटीच्या अंगाचा सांचा घेऊन, लांकडाच्या लगद्याच्या, वाळल्यावर कठीण होणाऱ्या पदार्थाचे तुकडे त्यावर बसविले आणि त्यांना धातूचा रंग दिला. आंत स्वतः ब्रिगिटे हेल्म ही नटी असे. हा तिचा पहिलाच चित्रपट. खरी मारिया, खोटी मारिया आणि धातूची मूर्ति, तीनहि कामें तिचींच. रूपांतराच्या प्रसंगीं मूर्तीभोंवतीं प्रकाशाचीं कडीं वरखालीं फिरतात; तीं एकाच फितीवर पुनःपुन्हां छायाचित्रें घेऊन साधलीं आहेत. नगरीचे अवाढव्य देखावे ऑयगेन शुफ्टान याच्या आरशाच्या युक्तीनें दाखविले आहेत : आरशाचा पारा जागजागीं खरवडून काढावयाचा, उघड्या कांचेंतून जिवंत माणसें दिसावयाचीं आणि उरलेल्या पाऱ्यांत लहानशा नमुन्याचें प्रतिबिंब, दोहोंचें मिळून एक भव्य चित्र. डोळ्याला फसविण्याच्या धोक्याविषयींचा चित्रपट डोळ्याला फसवूनच उभा केलेला आहे, ही गोष्ट आमच्या पुतण्यानें हंसत हंसत दाखवून दिली.

आतां मुख्य मुद्दा. खोटी मारिया ओळखतें कोण, आणि कशावरून? श्रीमंतांचे मुलगे तिचा नाच पाहून वेडे होतात व आपसांत लढतात. खालीं मजुरांना ती यंत्रें फोडावयास सांगते. काल शांतीचा उपदेश करणारी आज असें कां बोलते, हें कोणी विचारीत नाहीं. चेहरा तोच आहे, एवढें त्यांना पुरतें. नटीनें आपल्या अभिनयांत खुणा ठेवल्या आहेत : एक पापणी अर्धवट मिटते, मान झटक्यानें वळते, ओंठ वांकडे होतात. पण जमावाला पापण्या पाहण्याची सवड नसते.

फ्रेडरची गोष्ट अधिक शिकविण्यासारखी आहे. बापाच्या दालनांत तो त्या खोट्या मारियाला पाहतो, तेव्हां तोहि फसतो आणि तापानें अंथरुणाला खिळतो. पुढें भुयारांत मात्र ती मजुरांना चिथावीत असतां तो ओरडून सांगतो कीं, ही मारिया नव्हे. खरी मारिया शांतीचें बोलते, हाणामारीचें बोलत नाहीं. पाहिलें तेव्हां फसला, ऐकून अर्थ मनांत घेतला तेव्हां ओळखलें. रूप आणि कंठ उसने घेतां येतात. परंतु या व्यक्तीच्या तोंडून असें निघेल काय, हा प्रश्न ज्याला तिचा स्वभाव ठाऊक आहे त्यालाच विचारतां येतो.

हें ऐकून आमच्या मातोश्रींना युद्धकांड आठवलें. इंद्रजितानें मायेची सीता निर्मून रथावर आणली आणि वानरसेनेदेखत तिचा शिरच्छेद केला. हेतु हाच, कीं सैन्याचा धीर सुटावा. प्रत्यक्ष हनुमानानें डोळ्यांनीं पाहिलें व तो शोकाकुल होऊन मागें फिरला. तें वृत्त ऐकून श्रीराम मूर्च्छित पडले. त्या वेळीं बिभीषणानें धीर दिला. त्यानें तर स्वतः कांहींच पाहिलें नव्हतें. पण रावणाचें मन त्याला ठाऊक होतें. सीतेसाठीं ज्यानें एवढा अनर्थ ओढवून घेतला तो तिचा वध होऊं देणार नाहीं, यावरून ती माया असल्याचें त्यानें ताडलें. हनुमानाच्या डोळ्यांना जें कळलें नाहीं तें बिभीषणाच्या माहितीनें ओळखलें. आमच्या वहिनींनींहि ‘आई’ या एका शब्दावरून हेंच केलें.

कथेचा पुढचा भाग घरांतील बायकामाणसांना विशेष लागला. चिथावलेला जमाव, बायकांसुद्धां, मुख्य यंत्र फोडतो. पाणी उपसणें बंद पडून खालच्या वस्तींत पूर येतो. जमाव मोडक्या यंत्राभोंवतीं नाचत असतां यंत्राचा मुकादम विचारतो, तुमचीं पोरें कोठें आहेत? तीं खालींच राहिलेलीं असतात. त्यांना खऱ्या मारियानें व फ्रेडरनें आधींच वांचविलें आहे, हें कोणाला माहीत नसतें. मग हा जमाव चेटकिणीला जाळावयास धांवतो, आणि प्रथम कोणाच्या मागें लागतो? खऱ्या मारियाच्या! ती केवळ योगायोगानें निसटते आणि खोटी त्यांच्या हातीं लागते. चितेवर तिचें कातडें जळून आंतली धातु दिसूं लागते, तेव्हां कोठें सर्वांना सत्य कळतें.

नकली माणसाचा पहिला फटका असलीला बसतो, हें या प्रसंगाचें मर्म. वहिनी मुलाच्या खऱ्या हांकेला दचकल्या, तें याच जातीचें दुःख होतें. उद्यां कोणाचा खरोखरच अपघात झाला आणि घरच्यांनीं त्याचा फोन खोटा समजून ठेवून दिला तर? यंत्राच्या नकलेपासून धोका आहे तो असा दुहेरी : खोट्यावर विश्वास बसतो, आणि खऱ्यावरचा उडतो.

चित्रपटाचे दोषहि सांगितले पाहिजेत. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यानें १९२७ सालींच त्याच्यावर कडक टीका केली. यंत्रें वाढलीं म्हणजे राबणारे हात कमी लागतात, वाढत नाहींत. आणि मजूर कंगाल राहिले तर एवढा माल घेणार कोण, असा त्याचा रास्त सवाल होता. तरीहि वेल्सचें म्हणणें अर्धेंच खरें ठरलें असें आम्हांस वाटतें. आजच्या कृत्रिम बुद्धीला शिकविण्यासाठीं भारतांत, केनियांत व अन्यत्र हजारों माणसें पडद्यापुढें बसून चित्रांना आणि वाक्यांना दिवसभर नांवें देत असतात. फ्रेडरची ती तबकडी नाहींशी झालेली नाहीं.

शेवट तर फारच सोपा केला आहे. धनी आणि मुकादम यांचे हात मुलानें एकमेकांत दिले कीं सर्व मिटलें! पाळीचे तास कमी झाले कीं नाहीं, वस्ती वर आली कीं नाहीं, याचा पत्ता नाहीं. खुद्द लांगलाहि पुढें हा शेवट भोळसट वाटूं लागला. कथालेखिकेची पुढील हकीकत त्याहून विचार करावयास लावणारी आहे. १९३३ सालीं लांगनें जर्मनी सोडली; त्याच वर्षीं दोघांचा घटस्फोटहि झाला. थेआ फॉन हार्बू मात्र तेथेंच राहिली व नाझी पक्षांत गेली. याच बाईनें त्या सुमारास बेळगांवकडील आयी तेंडुलकर या मराठी पत्रकाराशीं गुप्तपणें विवाह केला होता, हें वाचून आमच्या घरीं सर्वांना आश्चर्य वाटलें. जिनें चिथावलेल्या जमावाचें इतकें हुबेहूब चित्र रेखाटलें, तिलाहि आपल्या भोंवतींच्या जमावाची वाणी ओळखतां आली नाहीं. कथा लिहिल्यानें शहाणपण येतेंच असें नाहीं. वाचल्यानें व पाहिल्यानें तरी येतें काय, हें आपण आपणांस विचारावें.

या चित्रपटाच्या नशिबींहि खऱ्याखोट्याचा फेरा आला. मूळ खेळ सुमारें अडीच तासांचा होता. अमेरिकेंत तो निर्दयपणें कापला गेला. रोटवांगनें यंत्रमानव केला तो हेल नांवाच्या स्त्रीच्या विरहानें. तिचें त्याच्यावर नव्हे तर फ्रेडरसेनवर मन बसलें आणि फ्रेडरला जन्म देऊन ती वारली. पण ‘हेल’ म्हणजे इंग्रजींत नरक, म्हणून तो सर्व भागच गाळला! अनेक वर्षें जगानें पाहिलेला रोटवांग हा कारणावांचून दुष्टपणा करणारा वेडा होता. २००८ सालीं अर्जेंटिनांतील ब्वेनोस आयरेस येथील चित्रपट-संग्रहालयांत एक जुनी, ओरखडलेली, पण जवळजवळ संपूर्ण प्रत सांपडली, आणि २०१० च्या फेब्रुवारींत दुरुस्त केलेला चित्रपट पुन्हां लोकांपुढें आला. नव्यानें घातलेले तुकडे ओरखड्यांवरून आजहि ओळखूं येतात. आमच्या मुलींना ते ओरखडे प्रथम खटकले. मग त्याच त्यांची वाट पाहूं लागल्या.

आतां घरगुती दोन शब्द. यंत्राच्या भीतीनें मोबाईल विहिरींत टाकावयाचा नाहीं. चित्रपटांतील यंत्राला आज्ञा करणारा मनोऱ्यांत बसलेला होता. वहिनींना आलेल्या फोनच्या मागेंहि पैशांची हांव होती ती माणसाचीच. आवाजाची नक्कल करणाऱ्या आजच्या यंत्रांना कांहीं सेकंदांचा नमुना पुरतो, हें गृहीत धरून वागावें. घाईनें पैसे मागणारा, विशेषतः ‘कोणाला सांगूं नकोस’ असें म्हणणारा फोन आला, तर तो ठेवून आपल्या जवळच्या क्रमांकावर स्वतः फोन करावा. घरांतल्या घरांत ठाऊक असलेला एखादा प्रश्न विचारावा. पैसे गेलेच तर १९३० या सरकारी क्रमांकावर तत्काळ कळवावें. आणि फसलेल्या माणसाला, मग ती सासू असो कीं सून, चारचौघांत बोल लावूं नये. हनुमानाला श्रीरामांनीं बोल लावला नव्हता.

परंतु आम्हांस सर्वांत महत्त्वाचें वाटतें तें निराळेंच. बिभीषणाप्रमाणें ओळखावयाचें तर आधीं माणसाचा स्वभाव ठाऊक असावा लागतो, आणि तो एकत्र बसल्याउठल्यानेंच कळतो. मुलगा कशावर रागावतो, काय लपवितो, आईला काय म्हणतो, हें ज्या घरांत कोणालाच सांगतां येत नाहीं, त्या घरांत कोणतेंहि यंत्र मुलगा म्हणून शिरूं शकेल. दूर असलेल्या मुलांनीं नुसता खुशालीचा निरोप धाडण्याऐवजीं घटकाभर बोलावें, आणि वडील मंडळींनीं उपदेश थोडा आवरून तें ऐकावें.

आमचा पुतण्या आतां दर रविवारीं सकाळीं फोन करतो. पहिला शब्द ‘वहिनी’. मग त्या मुद्दाम कांहीं तरी जुनें विचारतात : लहानपणीं तूं कोणत्या झाडावरून पडलास, आजोबांचा चष्मा कोणीं फोडला. तोहि न कंटाळता उत्तरें देतो. परवां त्या म्हणाल्या, “आतां विचारण्याची गरज वाटत नाहीं, पण विचारतें. त्या निमित्तानें तो चार शब्द अधिक बोलतो.”